फ्लेक्सवरचे चार चौकोन

मोहनरावांना पोरीचं कौतुक कधी पोटात ठेवता आलं नाही. संस्कृतीला पुण्याच्या कॉलेजात बक्षीस मिळालं, तेव्हा त्यांनी लिंबागणेशच्या स्टँडवर पंधरा फुटी फ्लेक्स लावला. वर गणपती, खाली ओळीनं पुढारी, मधे पोरगी. तिच्या शेजारी जागा उरली म्हणून तिच्या वहीतली आकृतीही छापून घेतली. चार चौकोन, बाण, प्रत्येकाखाली बारीक अक्षरात कृती. मधेच लाईट गेली तरी कॉम्प्युटरात साठवत असलेलं पुसलं जाऊ नये, अशी ती युक्ती. गावात एकाला कळली असेल तर शपथ. संस्कृती सत्काराला आली, फ्लेक्स पाहून लाजली, हसली.

त्यानंतर सात महिन्यांनी तिनं त्याच युक्तीच्या पेटंटचा अर्ज केला. 'यात नवीन काही नाही' म्हणून तो फेटाळला गेला. ती हायकोर्टात अपिलात गेली. चार वर्षं घासली, हातची नोकरी सोडली, आणि शेवटी अपीलही गेलं.

"आपल्याआधी कुणी केलंतं गं?" मोहनरावांनी विचारलं.

"जपानात एकानं, आप्पा," ती ताटाकडं बघत म्हणाली.

आठ दिवस मोहनरावांनी त्या जपान्याचा उद्धार केला. पारावर, डेअरीवर, भेटेल त्याच्यापाशी.

मग एका दुपारी ती बीडला गेली असताना, लाईटचं बिल शोधता शोधता त्यांच्या हाती निकालाची फाईल लागली. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण वर वकिलाचं मराठी पत्र होतं. 'अर्जाआधी युक्ती लोकांपुढं उघड झाली की कायद्यानं ती नवीन राहत नाही, मग ती तुमचीच का असेना.' मागं पुरावा म्हणून फोटो जोडला होता, कुणीतरी तेव्हा फेसबुकवर टाकलेला. स्टँड, गणपती, पुढारी, चार चौकोन. फ्लेक्सच्या कोपऱ्यात मोहनराव स्वतः, हात जोडून.

ते खाली बसले आणि रडले. बिल शोधायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी संस्कृती आली. पाण्याचा तांब्या त्यांनीच पुढं केला.

"पोरी, त्या जपान्यानं मुद्दाम न्हाई केलं."

संस्कृतीनं फाईलीकडं पाहिलं. दोरी उलटी बांधलेली होती.

"ठाऊक हाय मला, आप्पा," ती त्यांच्याजवळ बसत म्हणाली. "लई भोळा माणूस हाय त्यो. त्याला आता शिव्या देऊ नका."