घर मोडायचंय

सैबेरियातून अविनाशचा फोन आला. “उद्या घर मोडायचंय, आई.”

इकडे मांजलपुरातल्या घरी निरुपमाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. मुलगा-सून दोघं रेनडिअर पाळणाऱ्या भटक्यांचा अभ्यास करायला गेलेली. महिनाभर सुनेचा, चारूचा, आवाज कानावर नव्हता, म्हणून जिवाला घोर लागलेलाच होता.

“कसलं घर मोडतोस रे?”

“अगं, कातड्यांचा तंबू. इथलं घर तेच. मुक्काम हलला की मोडायचं. बायकाच उभारतात, बायकाच मोडतात.”

“हाश,” म्हणत त्या खुर्चीत टेकल्या. “मेल्या, नीट बोलावं माणसानं. मग चारूही त्याच गडबडीत असेल. दे तिला फोन.”



“ती गेली निघून, आई. आमचं घर मी मोडलं.”