विधवांचं पुस्तक

"पेरलं ते गेलं नाही, मातीने झाकून ठेवलं;
झाकलं ते हरवलं नाही, धन्याने ओळखून ठेवलं."

जात्याच्या घरघरीतून येणारा आईचा तो आवाज झोटिकोसच्या कानात जन्मभर राहिला होता. आई गेली, जातं झिजलं, फ्रिगियाच्या माळावर किती सुगी आल्या नि गेल्या. आवाज मात्र पिठासारखा अंगाला चिकटून राहिला.

झोटिकोस गावच्या ख्रिस्ती मंडळीचा वाचक, उपासनेत पवित्र पुस्तकं वाचून दाखवणारा. आता डोळ्यांत धुकं उतरलं होतं, उठता-बसता गुडघे कुरकुरत. उद्या मृतांचा दिवस. दर साली या दिवशी कबरींपाशी उभा राहून तो विधवांचं पुस्तक वाचायचा; आईच्या त्या ओळी त्यातल्याच. यंदा ऐकणाऱ्या विधवांत त्याची सूनही असणार होती. कापणीच्या तोंडावर मुलगा तापाने गेला होता.

तिन्हीसांजेला बिशप त्रोफिमोस बिशपांच्या धर्मसभेहून परतला आणि खेचरावरून उतरून थेट झोटिकोसच्या ओट्यावर येऊन बसला. दोघे एकाच आळीतले, शेळ्यांमागे एकत्र हिंडलेले.

"या, मोठी माणसं! काय ठरवून आलात?"

"आधी पाणी पाज. तिथे बोलायला सगळे होते, पाणी विचारायला कुणी नव्हतं."

सून तातियाने पाणी आणून दिलं आणि ती दाराआड सातूचं पीठ चाळायला बसली.

"मंडळीत वाचायची पुस्तकं ठरली," त्रोफिमोस म्हणाला. "नावं नेमून दिलीत. त्याबाहेरचं काही वाचायचं नाही."

"आणि आपलं?"

"त्यात नाही."

आतली चाळणी थांबली.

"भांडलास तरी का?"

"घसा बसेपर्यंत. लिहिलं कुणी, म्हणाले. मला काय ठाऊक? एक जण हसला. म्हणतो, फ्रिगियातली बाई जात्यावर बसली की लगेच संदेष्ट्री होते!"

झोटिकोसला राग यायला हवा होता. तेवढंही बळ उरलं नव्हतं.

"एक वाट आहे," त्रोफिमोस पुढे म्हणाला. "छळाच्या काळात, शिपाई घरोघर आपली पुस्तकं जाळत फिरायचे तेव्हा, वाडवडिलांनी जीव धोक्यात घालून जे लपवलं, त्याला कुणाला हलकं म्हणवत नाही. तुझ्या बापाने येशूच्या चार शुभवर्तमानांच्या शेजारीच हे पुस्तक धान्याच्या पेवात पुरलं होतं ना? शिपायांना खेचरांच्या औषधांचं पुस्तक देऊन वाटेला लावलं. मी पुन्हा सभेपुढे जाऊन वेदीवर हात ठेवून सांगेन तसं. तोवर उद्या तू खुशाल वाच."

खेचरांच्या औषधांची ती गोष्ट गावात दर साली निघायची. शिपायांनी खेचराचा जुलाब जाळला म्हणून पोरंसोरं लोळून हसायची. झोटिकोसही हसायचा. पवित्र पुस्तकं शिपायांच्या हाती देणाऱ्यांच्या कबरीवर इथे कुणी दिवा लावत नसे, आणि उद्या मृतांत पहिलं नाव त्याच्या बापाचं घेतलं जाणार होतं.

काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आजवर बसला तसं.

"मामंजी," आतून तातियाचा आवाज आला, "उद्या वाचाल ना? मला ती पेरणीची ओळ ऐकायचीय."

त्याने मित्राच्या पायांकडे पाहिलं. टाचांच्या भेगांत वाटेची धूळ भरली होती. हा भला माणूस तेवढ्याच थकल्या पायांनी पुन्हा जाईल, वेदीवर हात ठेवील, आणि खोटं त्याच्या तोंडून निघेल.

"पोरी, बाहेर ये," तो म्हणाला. "तूही ऐक."

तातिया पिठाळ हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"त्रोफिमोस, आमच्या घरी खेचर कधी होतं रे?"

त्रोफिमोसने ओठांशी नेलेलं भांडं खाली ठेवलं.

"पेवात चारच होती. शिपाई दारात आले तेव्हा हे पुस्तक आईच्या मांडीवर होतं. बापाने ते तिच्याकडून घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. अंगणातच जाळलं त्यांनी. आज मी वाचतो ते नंतर आईने सांगितलं, बापाने उतरवून घेतलं." त्याने सुनेच्या पिठाळ हातांकडे पाहिलं. "देताना आईने पुस्तक घट्ट धरलं होतं. बाप तिच्या कानाशी वाकला. मी तिच्या पदराशी होतो, मला ऐकू आलं. म्हणाला, 'सोड. हे तुला पाठ आहे.'"