मागची माती

नवसू लागोपाठ चार वर्षं लांब उडीत जिल्ह्यात पयला आला, तवा लोक मला इचारायचे, "तय्यबभाई, तुमी कापडं शिवणारा माणूस, त्याला काय शिकवलं?" शिकवणार काय, कपाळ! मला धड ओढा ओलांडता येत न्हाई.

सत्तावन्न साली जुन्नरात तालुक्याच्या स्पर्धा व्हत्या. मापाची टेप ऐन वेळी तुटली, म्हणून मला दुकानातनं फितीसकट उचलून आणलं. नवसू मढ गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वीस फूट गाठले तर जिल्ह्याच्या स्पर्धेला पुण्याला जाणार, न्हाईतर परत मेंढरांमागं. उड्या तीनच.

पयली उडी बघून मी मनात वीस म्हणलो. फीत टाकली तर एकोणीस. आता, मी नुसत्या नजरेनं छातीचं माप सांगणारा माणूस. एक फूट गेला कुठं? माझं डोस्कंच फिरलं. दुसऱ्या उडीला वाळूच्या कडंला उकिडवा बसलो, डोळ्यांत तेल घालून. नवसू पडला, आणि उठायच्या आधी त्याचा उजवा हात मागं गेला. चिमूटभर वाळू कपाळाला. आणि माप तर अंगाची सगळ्यात मागची खूण असंल तिथपतूर धरतात. म्हंजे गडी टाचांनी कमवत व्हता आणि बोटांनी घालवत व्हता.

त्याला बाजूला घेतला. "आरं येड्या, हात कशाला मागं नेतोस?"

"मेंढरं घेऊन नव्या रानात उतरलं की आधी तिथली माती कपाळाला लावायची," नवसू म्हणाला. "रानाला इचारायचं, राहू का म्हणून. आमच्यात तसंच हाय."

"मग पुढची घे की."

"पुढं अजून गेलोच न्हाई, भाई. तिथलं कसं इचारू?"

मी फीत गुंडाळली. "तुझी मर्जी," म्हणलं, "पण हात मागं गेला की पुणं गेलं."

तिसऱ्या उडीला तो पडला तसा त्यानं उजवा हात डाव्या हातानं छातीशी दाबून धरला, आणि गुडघ्यांवर सरकत पुढनं वाळूबाहेर गेला. मी फीत परत परत टाकली. वीस फूट, वर चार इंच. लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. मला तर मीच उडी मारल्यागत आनंद झाला.

खाली उतरल्यावर तो माझ्याकडं आला. डोळे भरलेले.

"भाई," तो म्हणाला, "आज पयल्यांदा कुठंतरी न इचारता उतरलो."