चांदची शिंगं

मोताळ्याजवळच्या आपल्या बागेत जमीनदार देशमुखांनी तारेचं कुंपण घालून सात चितळं पाळली होती. राखण खुर्शीदाकडे. त्यातला नर, चांद, आईविना सापडला तेव्हा तिनेच कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजून त्याला जगवलं होतं. नवरा गेल्यापासून तिला दुसरं कोणी नव्हतं.

पाचव्या वर्षी, वैशाखात, चांदची मान फुगली, आवाज घोगरा झाला. माणसात वाढलेला नर माणसाला भीत नाही; माजावर आला की माणसालाच आपल्या जातीचा वैरी समजतो. त्याने माळी कडूबाची मांडी फाडली.

"उद्या गोळी घालतो त्याले," देशमुख म्हणाले.

"मालक, माज आला म्हून जनावराले कोनी गोळी घालते का?" खुर्शीदा कळवळली. "तुमचा तांबडा गोऱ्हा केवढा मारका होता! ठेचून खच्ची केला, अन् आता लेकरं शेपूट धरतात त्याचं. यालेही तसंच करा ना."

"हाव मालक, करा," कडूबा खाटेवरून कण्हत म्हणाला. "अन् जमलं तं हिच्या जिभेचंही काही पाहा."

देशमुखांना हसू आलं. चांद वाचला.

गोऱ्हे खच्ची करणाऱ्या निवृत्तीने दोन दिवसांत काम उरकलं. तीन आठवड्यांत शिंगं गळून पडली आणि चांद गाईसारखा गरीब झाला. "बाईले अक्कल आहे," लोक म्हणत. खुर्शीदाला ते ऐकून बरं वाटे.

पावसाळ्यात नवी शिंगं फुटली, मऊ लवेची, दरवर्षीसारखी. ती वाळतील, चांद झाडाला घासून लव उतरवेल, म्हणून खुर्शीदा वाट पाहत राहिली. दिवाळी गेली, होळी गेली. लव उतरेना. शिंगं गाठी धरून वाढली, डोळ्यांवर उतरली. तारेला घासली की रक्त येई. पुढच्या श्रावणात त्यांत अळ्या पडल्या. निंबाचं पाणी झालं, हळद झाली, टर्पेंटाइन झालं.

शेवटी बुलढाण्याहून जनावरांचे डॉक्टर आले. "हे करायला कोणी सांगितलं?"

"म्या," खुर्शीदा म्हणाली.

डॉक्टर जरा हळू बोलू लागले. "बैलाचं शिंग जन्माचं असतं, बाई. चितळाचं पुन्हा पुन्हा नवं येतं. अंगातला जो रस माज आणतो, तोच शिंग वाळवतो. तो रसच आपण काढून घेतला. ही शिंगं जिवंत आहेत, वाढतच राहतील."

"मंग कापून टाका."

"रक्त थांबणार नाही. थांबलं तरी पुन्हा फुटतील."

"तो रस पाजता नाही येत का त्याले?"

"विलायतेत काढलाय म्हणतात. आपल्याकडे कुठला?"

देशमुखांनी बंदूक आणवली. चांद करवंदीच्या जाळीत दडून बसला होता. देशमुख तिच्याकडे न बघता म्हणाले, "हाक तूच मार. दुसऱ्या कोनाजवळ येत नाही तो."

तिने ओच्यात मुगाच्या शेंगा घेतल्या आणि हाक मारली. चांद चाचपडत, हुंगत आला. तिने त्याच्या डोळ्यांवरच्या माशा पुसल्या, शिंग हातात धरलं. ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखं ते गरम लागलं.

"मालक, एवढं खाऊ द्या त्याले."

देशमुखांनी बंदूक खाली केली.

शेंगा ओंजळभरच होत्या. ती एकेक करून देऊ लागली.