नाकाच्या डाव्या उतारावरून

मी एक जुने छिद्र आहे. पत्ता : ताईचे नाक, डावी बाजू, उतारावर. हसू नका, मित्रांनो. तुमच्याही नाकावर माझी भावकी राहते आणि ती सगळे ऐकते.

माझा जन्म ताईसोबतच झाला. लहानपणी मी इतका बारीक होतो की खुद्द तिच्या आईलाही माझा पत्ता नव्हता. पुढे ताई उंच झाली, तसा माझाही घेर वाढला. तिच्या उंचीचे घरभर कौतुक झाले. माझे नाही.

माझे काम साधे आहे. आतून तेल आणायचे आणि कातडीला पोचवायचे. ताईची कातडी मुळातच कोरडी, म्हणजे मागणी अफाट आणि पुरवठा बेताचा. तरी मी कधी रजा घेतली नाही. शाबासकी सोडाच, मिळाले ते ओरखडे.

ताई एका फोटो स्टुडिओत कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांच्या फोटोंतून माझ्या जातभाईंना पुसायची. पडद्यावर पुसता येते, मग चेहऱ्यावर का नाही, असे तिने मनावर घेतले. सल्लागार म्हणून मावशी होतीच. ती घरात ब्युटी पार्लर चालवते. वाफेने छिद्रे उघडतात आणि बर्फाने बंद होतात, असे मावशीचे शास्त्र. मित्रांनो, मी छिद्र आहे, दुकानाचे शटर नाही. पण मावशीपुढे बोलणार कोण? वाफ झाली, बर्फ झाला, खरखरीत स्क्रब झाला. शेवटी चिकट मास्क लावून तो एका झटक्यात ओढला. बारीक लव गेली, वरची साल गेली, शेजारपाजारचे पापुद्रे निघाले. मी तिथेच. उलट कोरड्याठाक कातडीत जास्तच उठून दिसू लागलो.

मावशीने मला निरखून पाहिले आणि निदान केले, "घासणं कमी पडतंय."

अशातच स्टुडिओ बंद व्हायची वेळ आली. नेमके तेव्हाच एका कार्यालयातून मुलाखतीचे बोलावणे आले. काम ओळखपत्रांसाठी फोटो काढण्याचे. नोकरी कायमची. प्रवेशपत्रावर चिकटवायला ताईने स्वतःचा फोटो काढला आणि सवयीने मला पुसले. मलाच काय, अख्खी वस्ती उठवली. जाता जाता नाकही थोडे कोरले.

मुलाखतीच्या दिवशी दारावरच्या रखवालदारकाकांनी प्रवेशपत्र पाहिले, ताईकडे पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"धाकट्या बहिणीचं आणलंत का?"

ताईने शपथेवर सांगितले की ते तिचेच आहे. काका शांतपणे म्हणाले की फोटोतल्या बाईंचा चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा आहे, समोरच्या बाईंचा माणसासारखा. नियमात बसत नाही. मागची रांग खोळंबली. ओळखपत्राच्या ऑफिसात हिचीच ओळख पटेना, असे कोणीतरी पुटपुटले.

मग तिने मोबाइल काढला. त्यात मूळ फोटो होता, न पुसलेला. काकांनी मोबाइल तिच्या नाकाशेजारी धरला आणि आमची एकेक ओळ ताडून पाहिली. मित्रांनो, मी आयुष्यात इतका ताठ कधी बसलो नव्हतो.

"मोबाइलमधल्या तुम्ही खऱ्या," काका म्हणाले. "पण कागदावर दुसरीच आहे. कोपऱ्यावर दुकान आहे, हाच फोटो छापून आणा. पळा, दार बंद करायची वेळ झालीय."

ताई पळाली. दुकानदाराने फोटो पडद्यावर घेतला, चुकचुकला आणि भल्या मनाने म्हणाला, "ताई, चेहरा जरा साफ करून देतो. फुकट."

"एका छिद्राला जरी हात लावलास," ताई म्हणाली, "तरी गाठ माझ्याशी आहे."

इतक्या वर्षांत आमच्या बाजूने कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. त्याने आम्हाला जसेच्या तसे छापले. काकांनी दार लोटता लोटता तिला आत घेतले. नोकरी लागली.

तेव्हा मित्रांनो, मी विनवणी करत नाही, बजावतो. चेहरा हलक्या हाताने धुवा. कातडी ओलसर असतानाच तिला मलम लावा. मग आम्हीही बेताने दिसू, हा आमचा शब्द. आणि घासायचेच असेल, तर खुशाल घासा. साल तुमची जाईल. आम्ही इथून हलणार नाही.