जीभसम्राटांचा कौल

रानरेशमाच्या अळ्या कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. त्यांना उघड्यावर झाडावर सोडायचं, वरून जाळी बांधायची, पाखरं हाकलायची. पुढचं त्यांच्या मर्जीवर. पान आवडलं तर फांदीचा फडशा पाडतील, नाही आवडलं तर उपाशी मरतील. म्हणून अळ्या सोडण्याआधी कुणीतरी पान चावून बघायचं असतं. या घरात ते काम सासऱ्यांचं. सगळे त्यांना जीभसम्राट म्हणत, अर्थात पाठीमागे.

यंदाच्या अळ्या मात्र सुनेच्या होत्या. पहिल्यांदाच अंडी तिने स्वतः जपली होती, आणि पुढच्या हंगामाचं बियाणं याच अळ्यांचं धरायचं ठरलं होतं. सासऱ्यांनी कुंपणालगतच्या झाडाचं पान चावलं, डोळे मिटले आणि कौल दिला, "लोणी आहे, लोणी! सोडा."

सोडल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर अळ्या खोडावरून खाली निघालेल्या. तिने उचलून वर ठेवल्या, त्या पुन्हा खाली.

"अहो, या खात नाहीयेत."

"नखरे असतील. बाबांची जीभ चुकलीय कधी?" नवरा जाळी शिवत म्हणाला. बापाची बाजू घ्यायला मान वर करावी लागत नाही.

तिने एक पान तोडून चावलं आणि तिचं तोंडच आवळलं. इतकं तुरट! गेल्या हंगामात अळ्यांनी हेच झाड बोडकं केलं होतं. झाड म्हणजे काही गरीब गाय नव्हे. एकदा ओरबाडलं की नव्या पालवीत तुरटपणा भरून ठेवतं. पान दिसतं हिरवंगार, पण अळीच्या अंगी लागत नाही. हे तिला शिकवलं होतं सासऱ्यांनीच. मग त्यांना कसं कळलं नाही?

सासरे अंगणात दोरी वळत होते. तिने तेच पान पुढे केलं. "बाबा, हे बघता जरा?"

त्यांनी निवांत चावलं. कपाळावर एक आठी नाही. "झकास."

"बाबा, तुम्हाला चव लागत नाही का?"

त्यांचे हात थांबले. "थंडीत ताप आला ना, तेव्हापासून. गरम की गार, तेवढंच कळतं."

"आणि माझ्या भाज्यांचं ते कौतुक?"

"आता नाव ठेवायला काही सापडतच नाही, त्याला मी काय करू?"

"अरे देवा! सासरे सुधारले म्हणून मी माहेरी किती फुशारक्या मारल्या!"

दोघंही हसली. मग ते हळूच म्हणाले, "सांगितलं असतं तर मला काय काम उरलं असतं? पाखरं हाकलायचं?"

तिला भरून आलं. रागवायचं होतं, ते जमलं नाही. "पण बाबा, माझ्या अळ्या मरतील हो."

तेवढं ऐकून ते ताडकन उठले. एकेका झाडापाशी ते पान बोटांनी चाचपायचे आणि तिला चावायला द्यायचे. "हे नको, जून झालंय, चामडं. हे फारच कोवळं, नुसतं पाणी, हगवण लागेल. हे चाव. थुंकू नकोस लगेच! आता जिभेच्या मागे काय लागतंय?"

"जरासं तुरट. पण मागून गोडसर."

"सोडायच्या?"

"तुम्हीच सांगा ना."

"मला पान काय नि कागद काय, सारखंच. तू बोल."

तिने उरलेलं पानही तोंडात टाकलं. "सोडा."

"ए, इकडे ये रे!" त्यांनी मुलाला हाक मारली. "अळ्यांसकट डहाळ्या काप आणि इथे आणून बांध. सूनबाईंनी झाड बदललंय."

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"चुकलो होतो."

हा शब्द या घरात कुणी ऐकलेला नव्हता. नवऱ्याच्या हातातली जाळी गळून पडली.

संध्याकाळपर्यंत ती खोडाशी उभी होती, कुणी उतरलं तर अडवायला. कुणीच उतरलं नाही. पानांच्या कडा भराभर आत सरकत होत्या. तिला इतका आनंद झाला की वरच्या एका लठ्ठ अळीला तिने "खा गं बाई, खा" म्हणूनही टाकलं.

तेवढ्यात सासरे पलीकडच्या झाडाचं एक पान घेऊन आले. "हे झाड संपलं की अळ्यांना हे चालेल का, बघ."

तिने चावलं, थांबली, मान हलवली. "नको."

त्यांनी ते पान स्वतःच्या तोंडात न घालताच फेकून दिलं आणि दुसरं तोडायला निघाले.