चार जागा

बायको गेल्याचं कळलं ते वाय-फायमुळेच. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. हॉस्पिटलचा फोन छताला लावलेल्या त्या पांढऱ्या डब्यातून आला. डबा तिनेच बसवला होता. असली कामं ती करायची, मी स्टूल धरायचो.

सासूबाई आमच्याकडेच असतात, मी त्यांना आईच म्हणतो. त्यांना ऐकू येत नाही, ओठ बघून समजतं. धाकट्या लेकीशी त्या माझ्या बायकोच्या मोठ्या फोनवर बोलायच्या. आता तो कुलूपबंद, आकडा कुणालाच ठाऊक नाही. माझ्या फोनवर चेहरा एवढुसा दिसतो, ओठ कळत नाहीत. म्हणून मेव्हणीने टॅब पाठवला.

टॅब वाय-फायला जोडला जाईना. पासवर्ड मला माहीत होता, त्याने डब्याच्या सेटिंगमध्ये शिरलो. शेजाऱ्यांनी फुकट वापरू नये म्हणून तिने ठरावीक चारच यंत्रांना परवानगी दिली होती. चारही जागा भरलेल्या. पाण्याचा पंप. बेल वाजली की आईंच्या खोलीत लुकलुकणारा दिवा. ‘अहो’ म्हणजे माझा फोन. आणि ‘मी’.

आईंना ओठ दिसू नयेत म्हणून गॅलरीत जाऊन मेव्हणीला फोन लावला. ती म्हणाली, "भाऊजी, ताईचा काढून टाका. तो आता कोण वापरणार आहे?"

बरोबरच होतं तिचं. परत येऊन ‘मी’वर बोट ठेवलं. खाली ‘काढून टाका’ असं लाल अक्षरात आलं. माझ्याने ते होईना. मी विचार केला, माझ्या फोनला काय करायचंय वाय-फाय, आणि ‘अहो’ काढला. सेव्ह केलं. टॅबचा नंबर टाकायला गेलो तर पान उघडेना. ज्या फोनवरून काम चाललं होतं, तोच मी बाहेर घालवला होता.

आई केस विंचरून, टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "अडलं का? तिला विचारा की."

मग त्यांच्याच लक्षात आलं. त्या टॅबची काच पदराने पुसत राहिल्या.

डबा जिथून आणला त्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, डब्याच्या भोकात टाचणी दाबून धरा, चारही नावांसकट सगळं पुसलं जाईल, मग नव्याने लावा. नव्याने कसं लावायचं ते त्याने भराभर सांगितलं, मला काही समजलं नाही.

स्टूल डब्याखाली ठेवलंय. टाचणी दाबलेली नाही. आईंचं धाकटीशी बोलणं अजून झालेलं नाही.